लाखनीच्या अहवालातील पहिला परिच्छेद

श्री. नामदेवराव रामटेके यांच्याशी माझी पहिली भेट झाली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. सत्तरचे दशक सरत आले होते. मी सानगडीहून भंडाऱ्याला येऊन कामगार विम्याच्या कार्यालयात कनिष्ठ लेखनिक म्हणून रुजू झालो, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. एका कामगाराच्या अर्जावर मी शेरा लिहिला होता : ‘तक्रार किरकोळ, दप्तरी दाखल करावी.’ दुपारी रामटेके साहेब तो अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते निरीक्षक होते आणि वयाने माझ्या वडिलांच्या जवळपासचे.

“कापगते, हा माणूस तुम्ही पाहिला काय?” त्यांनी विचारले.

“नाही साहेब. अर्ज पोस्टाने आला.”

“मग किरकोळ आहे हे कोणी ठरवलं?”

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी माझा शेरा खोडला नाही. त्याखाली ‘समक्ष भेटून मग मत द्यावे’ असे लिहून अर्ज माझ्याकडेच परत दिला. त्या दिवसापासून त्यांच्या निवृत्तीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली काम केले. एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही ‘अरे’ म्हणून हाक मारली नाही. आज त्यांनी साठ वर्षे पूर्ण करून एकसष्टाव्या वर्षात पदार्पण केले आहे. या गौरवग्रंथात त्यांच्या स्वभावाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका कामाविषयी लिहिणार आहे, कारण त्या कामात मी त्यांच्याबरोबर होतो.

रामटेके साहेब मूळचे तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याचे. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणीला जात. छप्पन साली कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ते नागपुरात शिकत होते. याविषयी ते आपणहून कधी बोलत नाहीत. कोणी विचारले तर दोन वाक्यांत सांगून विषय बदलतात.

आमच्या योजनेची रीत वाचकांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कारखान्यातील कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाई आणि मालक आपला वाटा भरी. त्या बदल्यात कामगाराचे नाव गावातील एखाद्या खासगी डॉक्टरच्या यादीत घातले जाई. अशा डॉक्टरांना आम्ही पॅनेल डॉक्टर म्हणत असू. यादीतील दर नावामागे त्यांना वर्षाला ठरावीक दर मिळे, मग तो कामगार दहा वेळा येवो की एकदाही न येवो. हा दर कित्येक वर्षे बदललेला नव्हता. डॉक्टर एकामागून एक पॅनेल सोडू लागले, तेव्हा वरच्या कार्यालयाने सर्व शाखांना पत्र पाठवले : हा दर पुरेसा आहे काय आणि कामगारांना उपचार मिळतात काय, याचा आढावा घेऊन कळवावे.

अशा पत्राचे उत्तर टेबलावर बसून देता येते. आमच्याकडे आकडे होतेच. लाखनीजवळच्या एका कौलांच्या कारखान्यातून दोन वर्षांत उपचारांची नोंद जवळजवळ आलीच नव्हती. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला, “तिथे आजारपण कमी आहे. लिहून टाका, दर पुरेसा.” रामटेके साहेब म्हणाले, “कौलांच्या भट्टीवर आजारपण कमी, हे एकदा बघून येतो.” आणि त्यांनी मला सोबत घेतले.

त्या कारखान्याशी साहेबांचा जुना संबंध होता. पूर्वी तेथील कामगार लाखनीच्या डॉ. हरिभाऊ पालांदूरकर यांच्या यादीत होते. डॉक्टर विमाधारकांकडून इंजेक्शनचे पैसे घेतात आणि बुधवारी दवाखाना बंद ठेवतात, अशी तक्रार कारखान्याच्या व्यवस्थापकाने केली होती. साहेबांनी पावत्या तपासून व दवाखान्यावर जाऊन चौकशी केली. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या आणि नियमात दोन्ही बसत नव्हत्या. त्यांच्या अहवालावरून डॉक्टरांचे नाव पॅनेलवरून निघाले. लाखनीत दुसरा कोणी डॉक्टर पॅनेलवर यायला तयार नव्हता, म्हणून कामगारांची नावे भंडाऱ्याच्या एका डॉक्टरकडे गेली. हे सर्व मी येण्यापूर्वीचे. मला ते फाइलीतून कळले होते.

कारखान्यात व्यवस्थापकाने आम्हाला चहा मागवला. मला कपबशीत आला, साहेबांना काचेच्या पेल्यात. मी मान खाली घातली. साहेबांनी पेल्याला हात लावला नाही आणि कामगारांची यादी मागून घेतली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “साहेब, हेही अहवालात लिहायला पाहिजे.” ते म्हणाले, “त्यासाठी वेगळा अहवाल लागेल, कापगते. तो फार लांब होईल. आज आपण दवाखान्यासाठी आलो आहोत.”

भट्टीमागच्या आवारात जेवणाची सुट्टी झाली होती. यादी पाहून साहेब एकेकाला हाक मारीत आणि कडुनिंबाखाली त्यांच्याबरोबर बसून बोलत. चौथे की पाचवे नाव यशोदाबाई लांजेवार यांचे होते. पस्तिशीच्या बाई, भट्टीतून भाजलेली कौले काढून थप्पी लावण्याचे त्यांचे काम. त्यांनी उजवा हात पदराखाली ठेवला होता. साहेबांनी विनंती केल्यावर त्यांनी तो पुढे केला. तळहात भाजून बरा झाला होता, पण तीन बोटे आत वळून आखडली होती.

“बाई, भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव आहे. गेल्या नाही काय?”

“गेली ना जी, दोनदा गेली. यष्टीत पाऊण तास, मंग तिथं लाइन. दोन्ही खेपेले म्हणे, नंबर संपले, उद्या ये. उद्या कशी येऊ? दोन दिवसाची रोजी बुडाली होती. मंग घरीच हळद-तेल लावलं.”

“पालांदूरकर डॉक्टर असते तर?”

“थे पैसे घेत सुईचे. पण हात हाती धरून पाहत. आन् बुधवारी आमच्या गावाले येत फटफटीनं. तवाच दाखवलं असतं तं बोटं सरळ राहिली असती म्हणतात. पण कोनी तरी भंडाऱ्याहून आलं आन् त्यायचं नाव कापून गेलं.”

येथे गप्प राहणे सोपे होते. बाईंना माहीत नव्हते, व्यवस्थापक जवळ नव्हता आणि मी साहेबांच्या हाताखालचा माणूस. साहेब म्हणाले, “मीच आलो होतो, बाई.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “तुमी? काहून कापलं जी?”

“ते पैसे घेत होते म्हणून. नियमात नव्हतं.”

“मंग आमाले काहून नाही इचारलं?”

साहेबांनी कागद मिटून मांडीवर ठेवला. “चुकलं माझं,” ते म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. भोंगा झाला तशा उठून कामावर गेल्या. त्या अधू हाताने त्या कौले कशी उचलतात, ते साहेब बराच वेळ उभे राहून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉ. पालांदूरकरांकडे गेलो. महामार्गाला लागून त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. त्यांनी आम्हाला बसा म्हटले, पण स्वागत असे केले नाही. रुग्ण आटोपल्यावर म्हणाले, “आता काय राहिलं तपासायचं? नाव तर गेलं.”

साहेबांनी येण्याचे कारण सांगितले आणि बुधवारविषयी विचारले.

“तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही आले, दाराला कुलूप पाहिलं, पाच मिनिटं थांबले आणि वेळ लिहून निघून गेले. कुलूप लावून मी कुठं गेलो, हे शेजारच्या पानवाल्यालाही माहीत होतं.”

ते दर बुधवारी कामगारांच्या गावांना जात. बाळंतीण, म्हातारी माणसे, तापाने पडलेली मुले दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसत. ती सारी विमाधारकांचीच माणसे. सरकारी दरात त्यांच्या पेट्रोलचाही खर्च निघत नसे. इंजेक्शनची औषधे ते नागपूरहून स्वतः आणत आणि त्यांचीच किंमत घेत. त्यांनी एक वही पुढे टाकली. तीत तारीखवार गावे आणि रुग्णांची नावे होती. साहेबांनी ती पहिल्या पानापासून वाचली. माझ्या आठवणीप्रमाणे दोन तास गेले.

वही मिटून ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पैसे घेणं चूकच होतं. ज्याच्याजवळ नव्हते, तो सुई न घेताच परत गेला असेल. पण दर तसाच ठेवून मी तुम्हाला काढलं, ही त्याहून मोठी चूक झाली. मी ती लिहून देणार आहे.”

डॉक्टर म्हणाले, “लिहून काय होते?”

“ते मला माहीत नाही,” साहेब म्हणाले.

अहवाल तयार व्हायला तीन आठवडे लागले. साहेबांची हीच एक बाजू सहकाऱ्यांना त्रासाची वाटे; त्यांचे काम फार सावकाश चाले आणि त्यांच्या टेबलावरच्या फाइलींच्या ढिगाची चेष्टा होई. ती चेष्टा मीही केली आहे. पण हा अहवाल मी स्वतः टंकित केला, म्हणून त्यातील शब्द माझ्या चांगले लक्षात आहेत. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी लिहिले होते की लाखनी येथील वैद्यकीय सेवा खंडित होण्यास प्रस्तुत निरीक्षकाचा पूर्वीचा अहवाल कारणीभूत झाला असून, त्या वेळी त्याने एकाही विमाधारकास भेटून चौकशी केली नव्हती. त्यानंतर शिफारशी होत्या. दर ठरवताना कामगाराच्या गावाचे अंतर धरावे. इंजेक्शनचा खर्च दरातून वेगळा काढावा. गावभेटीचा दिवस दवाखान्याचाच दिवस समजावा. पर्यायी डॉक्टर सापडल्याखेरीज जुन्या डॉक्टरचे नाव काढू नये.

नागपूरच्या वरिष्ठांनी साहेबांना बोलावून घेतले. कागद घेऊन मी बरोबर गेलो होतो. ते अधिकारी मनाने वाईट नव्हते. त्यांनी आपुलकीनेच सांगितले, “रामटेके, बढतीची यादी निघायची आहे. अहवाल दराचा आहे, तुमचा नाही. पहिला परिच्छेद काढून टाका, बाकी जसाच्या तसा पुढे पाठवतो.”

“साहेब, तो काढला तर बाकीचं कोण खरं मानील?” रामटेके साहेब म्हणाले. “नोंदी कमी आहेत म्हणजे आजार कमी आहेत, असंच सगळे वाचतील. नोंदी कमी का आहेत, याचं कारण त्या परिच्छेदात आहे. ते कारण मी आहे.”

परिच्छेद तसाच राहिला. त्या वर्षी बढतीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, पुढच्या वर्षीही नव्हते. त्याचा या अहवालाशी संबंध होता की नाही, हे मला ठाऊक नाही आणि साहेबांनी कधी शोधले नाही. दर वाढला तो बऱ्याच काळाने आणि मागितल्यापेक्षा कमी. इंजेक्शनची शिफारस मान्य झाली. अंतराची शिफारस काही मोजक्या केंद्रांपुरती मान्य झाली आणि त्यांत लाखनी होते.

डॉ. पालांदूरकर परत येण्यास आधी तयार नव्हते. साहेब तीनदा गेले. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, “बुधवारी दाराला कुलूप राहील आणि ते कागदावर पाहिजे.” ते कागदावर आले आणि कामगारांची नावे लाखनीच्या यादीत परत गेली. पुढच्या बुधवारी साहेब दवाखान्याकडे न जाता थेट कामगारांच्या गावी गेले. डॉक्टर समाजमंदिराच्या ओट्यावर रुग्ण तपासत होते. साहेबांना पाहून त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवले.

यशोदाबाईंची बोटे मात्र उघडली नाहीत. त्याला उशीर झाला होता. कायमच्या अपंगत्वाबद्दल त्यांना दरमहा लाभ मिळू शकत होता, परंतु त्यासाठी नागपूरला मेडिकल बोर्डापुढे जावे लागे आणि त्या कधी नागपूरला गेल्या नव्हत्या. साहेबांनी स्वतःची रजा टाकली आणि त्यांना व त्यांच्या सासूबाईंना एसटीने घेऊन गेले. ही गोष्ट मला साहेबांकडून नव्हे, पुढे बोर्डाच्या लेखनिकाकडून कळली. बोर्डाच्या डॉक्टरांनी साहेबांना विचारले होते, “आपण यांचे कोण?” साहेब म्हणाले, “यांची तक्रार माझ्याविरुद्ध आहे. त्यांनी ती केली नाही, म्हणून मी आलो.” बाईंचा लाभ मंजूर झाला. त्यांना कारखान्यात कौले मोजण्याचे हलके काम मिळाले. आजही त्या तेथेच आहेत.

रामटेके साहेबांनी मोठ्या संस्था उभारल्या नाहीत किंवा व्यासपीठे गाजवली नाहीत. निवृत्तीनंतर ते भंडाऱ्यातच राहतात आणि घराच्या पडवीत कामगारांचे अर्ज लिहून देतात. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा एक तरुण गवंडी त्यांच्यापुढे बसला होता. साहेब अर्ज लिहिण्याआधी त्याला प्रश्न विचारत होते. तो कंटाळून म्हणाला, “लिवा ना बाबूजी, काही मोठं नाही.” साहेबांनी पेन खाली ठेवले आणि त्याला शर्ट वर करून पाठ दाखवायला सांगितले.

त्यांच्या साठीनिमित्त शुभेच्छा द्यायच्या तर त्यांना मानवतील अशाच शब्दांत द्याव्यात. त्यांना पुष्कळ वर्षे लाभोत आणि त्या वर्षांत डोळे, गुडघे व हात त्यांच्या कह्यात राहोत. दवाखान्याची पायरी त्यांना चढावी लागू नये. लागलीच, तर तो घराजवळ असावा, दार उघडे असावे आणि आतल्या डॉक्टरांनी त्यांचा हात हाती धरून पाहावा. इतरांसाठी त्यांनी आयुष्यभर याहून अधिक काही मागितले नाही.