उजव्या बाजूची बटणं

दादाला मी शेवटची भेटले ती राजेंद्र नगरच्या त्याच्या घरी, आणि त्या दिवशीही हरलेच. आम्ही दोघं बहीणभाऊ हातात धरून खेळायचे गेम घेऊन एकच मोटारशर्यत खेळायचो; तो त्याच्या गेमवर, मी माझ्या. जिंकल्यावर म्हणाला, "क्या यार, दोन-दोन हात असून हरतेस?" त्याच आठवड्यात आईचा फोन आला... पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यात दादा गेला होता.

पहिल्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला होता. मग तो डाव्या हाताने सही करायला शिकला, पोहे डाव्या हाताने खाऊ लागला, कुरकुर म्हणून नाही. फक्त गेम तेवढा कपाटात ठेवून दिला, आणि तेच मला बघवेना. एक दिवस त्यानेच शोधून काढलं, की कंपनीची मूळ यंत्रणा बदलून लोकांनी बनवलेलं कस्टम फर्मवेअर टाकलं, तर उजवीकडच्या बटणांची कामं डावीकडे आणता येतात. नवं मेमरी कार्ड आणून त्यावर सगळं उतरवलं. सुरू करताना दोन बटणं एकदम दाबायची होती, म्हणून मला बोलावणं. "तू फक्त उजवा हात. डोकं माझं," असा वर हुकूम!

पण पडदा काळाच. मी म्हटलं, गेला बिचारा, कबाड में दे दो. दादा ढिम्म. "काळा म्हणजे मेला नाही गं. कुठे अडकलाय ते त्याला सांगता येत नाहीये." झटक्यानंतर कितीतरी दिवस स्वतः बोलू न शकलेला माणूस हे म्हणत होता. त्याने फायली पुन्हा उतरवल्या, आवृत्ती जुळवून पाहिली, इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चूक कशात होती ते कळत नाही, हे त्याचं म्हणणं. एवढा धीर कुठून आणला, देव जाणे. शेवटी कार्ड उलटं करून निरखलं, तर गेम ज्यांतून कार्ड वाचतो त्या मागच्या सोनेरी पट्ट्यांवर तेलकट शेंदूर! लेकाचं काम फत्ते व्हावं म्हणून आईने खजरान्याच्या गणपतीचा शेंदूर नव्या कार्डाला दोन्ही बाजूंनी लावला होता. मी हसत सुटले, आईला हाक मारणार, तर दादाने डोळ्यांनीच गप्प केलं. पट्ट्या हळूच पुसल्या, पुढच्या बाजूचा टिळा तसाच राहू दिला. गेम सुरू झाला, तेव्हा आईला म्हणाला, "तुझ्या बाप्पाने केलं बघ." असा होता माझा भाऊ.

परवा आईने तो गेम माझ्यापुढे धरला आणि चालतोय का बघ म्हणाली. कार्डावरचा टिळा अजून आहे. शर्यत सुरू केली आणि सवयीने उजवा अंगठा दाबला. मोटार जागची हलली नाही. बटणं पूर्ववत करता येतात, त्यानेच शिकवलंय मला. नाही केली. दादा ठेवायचा तसा उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने गाडी काढली. पहिल्याच वळणावर आपटले... एवढ्या एका हाताने तो मला दर वेळी हरवत होता.