भामाबाईंनी न केलेली सही

भामाबाईंना एकवीस वर्षं प्रभुभोजनाच्या प्याल्यापासून लांब कुणी ठेवलं, असं कुणी विचारलं तर मला माझंच नाव घ्यावं लागेल. मी आमच्या चर्चच्या पंचांचा चिटणीस. त्यांना वगळण्याच्या ठरावावर माझं अक्षर आहे.

भामाबाई कराडच्या मंडईत भाजी विकतात. माहेर मेढ्याकडचं. अठराव्या वर्षी लोणंदच्या मुलाशी चर्चमध्ये लग्न लागलं. तीन वर्षांत त्याने दुसरी आणली आणि यांना हाकलून दिलं. काडीमोडही दिला नाही. त्या माणसाला कुणी जाब विचारल्याचं मी ऐकलं नाही. पुढे भामाबाई सयाजी नावाच्या, बायको वारलेल्या गवंड्याबरोबर राहू लागल्या, तेव्हा मात्र आमची नीती खडबडून जागी झाली. पहिला नवरा जिवंत, म्हणून लग्न लावता येत नाही. लग्न नाही, म्हणून प्याला नाही.

दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. या दर रविवारी यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या आठवणीत द्राक्षरसाचा प्याला बाकाबाकाने फिरायचा आणि त्यांच्यापाशी आला की पुढे जायचा. त्या मान खाली घालायच्या नाहीत. प्याला टेबलावर परत जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या. ते बघणं मला सोसायचं नाही, म्हणून मी डोळे मिटून प्रार्थनेचं सोंग करायचो.

सयाजी हिंदू. तो त्यांना सायकलवरून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर बसायचा. चर्चच्या कुंपणाची भिंत पडली तेव्हा त्याने ती एकट्याने, फुकट बांधून दिली. भिंत आम्हाला बरी चालली.

यंदा फेब्रुवारीत सयाजी काविळीने गेला. आठवडा उलटायच्या आत आमचे ज्येष्ठ पंच भाऊसो मला म्हणाले, "मास्तर, आता अडचण ऱ्हायली न्हाई. बाई एकटी झाली. पश्चात्तापाचं पत्र लिवा, तिची सही घ्या, मंडळीपुढं वाचू आन् इस्टरला आत घेऊ."

एक माणूस मेला, तर यांची अडचण सुटली. आणि मी, लाज वाटायला हवी होती, घरी येऊन मुकाट्याने पत्र लिहिलं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमका बायबलातल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईवर उपदेश केला. पाच नवरे होऊन गेलेली, सहाव्याबरोबर राहणारी बाई. तिच्याकडे प्रभूने स्वतः पाणी मागितलं आणि पुन्हा तहान लागू न देणारं जिवंत पाणी तिला देऊ केलं. पाळकसाहेब अगदी रंगून बोलत होते, मंडळी माना डोलवत होती. त्यातली एकही मान मागे वळली नाही. माझीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी कागद घेऊन भामाबाईंकडे गेलो. त्यांना वाचता येतं, पण म्हणाल्या, "तुमीच वाचा." मी वाचलं: इतकी वर्षं मी पापात राहिले, त्याची मला लाज वाटते.

"पापात म्हंजी सयाजीसंगं?"

"तसं लिहावं लागतं," मी म्हणालो.

"मला टायफॉइड झाला तवा म्हैनाभर त्यानं माझं सगळं केलं, मास्तर. न्हाऊ घातलं, भरवलं. पयल्यानं माझा दात पाडला, ते लगीन. आन् हे पाप व्हय?"

"एक सही करा," मी म्हणालो. "एकवीस वर्षं वाट बघितलीत."

त्यांनी कागद हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. डोळे भरले होते. मग तो त्यांनी मला परत दिला.

"तहान लय हाय. प्याला फुडं गेला की घरी जाऊन रडते मी. पन सयाजीला पाप म्हनून मी पिणार न्हाई. आन् मास्तर, त्या हिरीवरच्या बाईकडनं प्रभूनं काय लिवून घेतलं व्हतं?"

मी कागदाची घडी घालून निघालो. भाऊसोंना मी एवढंच सांगितलं की बाई तयार नाही. त्या काय म्हणाल्या ते सांगायची छाती झाली नाही.

इस्टरला प्याला फिरला. भामाबाई आल्या होत्या, त्यांना वगळून तो पुढे गेला. शेवटी पंचांच्या बाकावर माझ्यापाशी आला तेव्हा मी नको म्हणू शकलो असतो. मी घेतला आणि प्यालो. चाळीस वर्षं पितो आहे, आणि तहान लागली म्हणून एकदाही प्यालेलो नाही.