चुंबकबाईंचा राग

चुंबकबाई चिडल्या की खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा आवाज हळू करायचे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि मी प्रयोगशाळेत त्यांची सहायक होते. जुन्या लाउडस्पीकरमधलं जाडजूड चुंबक कायम पर्समध्ये, म्हणून हे नाव. लोखंडाच्या क्षारांत अमोनिया टाकून आम्ही काळी भुकटी करायचो, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक कणांची. बाई काचपात्राखाली चुंबक धरायच्या. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. जराही वास राहिला की ओरडायच्या, "पुन्हा धू! हे उद्या कोणाच्या आंगात जाणार हाये!"

तो उद्या फार लांब होता. हे कण कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र द्यायचं, कण तापले की गाठीतल्या पेशी मरतील, अशी कल्पना. आमच्याकडे फक्त तारेच्या वेटोळ्यात ठेवलेल्या परीक्षानळीतलं, हे कण मिसळलेलं पाणी तापलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना तेवढं पुरलं. त्यांनी परस्पर पत्रकार बोलावले आणि बाईंच्या फोटोसकट बातमी आली: 'कॅन्सरवर अमरावतीचा रामबाण'. गेटवर फ्लेक्स लागला. बाईंनी तो स्वतः फाडला, संध्याकाळी दुसरा लागला. त्यांनी पाठवलेला खुलासा मात्र आतल्या पानावर, निविदांच्या खाली छापला गेला. कोण वाचतं तिथलं?

काही महिन्यांनी हिवरखेडचे एक काकाजी बायकोला घेऊन आले. काकूंच्या छातीत गाठ होती. अकोल्याला चालू असलेली केमो त्यांनी या औषधाच्या भरवशावर थांबवली होती.

"कावून थांबवली?" बाई किंचाळल्याच. "आमचं हे अजून उंदरापर्यंत बी नाई गेलं!"

"पेपरात तं तुमचाच फोटो होता, मॅडम," काकाजी म्हणाले.

बाईंनी दोघांना गाडीत बसवून तडक अकोला गाठलं. केमो पुन्हा सुरू झाली, पण तोवर आजार पसरला होता. काकू गेल्या.

तेरवी झाल्यावर काकाजी परत आले. बातमीचं कात्रण टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "मंग हे कायले छापलं, मॅडम?"

बाई चिडतील असं मला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि जाताना चुंबक माझ्या टेबलावर ठेवलं.

ती बातमी फ्रेम करून अध्यक्षांच्या केबिनमध्ये अजून टांगलेली आहे. बघितली की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात ते एका पत्रकाराला घेऊन प्रयोगशाळेत आले. हसत म्हणाले, "मॅडम, ते पाणी तापवून दाखवा जरा."

मी चालू असलेल्या वेटोळ्याचं बटण बंद केलं आणि सगळ्यांदेखत ओरडले, "आधी हिवरखेडच्या काकाजीले उत्तर द्या!"