रेष पुसणारे सर

“मधात कोण आहे?” सरांचा प्रश्न ठरलेला. बशीतल्या चहात बोट बुडवून बाकावर दोन ठिपके काढायचे, मध्ये रेष ओढायची अन् लगेच तळव्याने पुसायची. माझा बाक कधी कोरडा राहिला नाही.

ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. महाल वस्तीत माझ्या चहाटपरीच्या वरच्या खोलीत राहायचे. ज्वारी महागली की कापड काहून महागते, असलं काहीतरी तीन बाजारांच्या भावांवरून शोधायचे. प्रत्येक बाजाराचा एक बटरपेपर. त्यावर ठिपके म्हणजे गोष्टी, रेष म्हणजे त्यांचं नातं; मधात तिसरंच कोणी निघालं तर रेष पुसायची. तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीशी धरायचे.

“एकट्या बाजाराचे आकडे थोडे पडतात, भाऊ. तिघांनी एकमेकाले आधार द्यायचा. तिन्हीत दिसली ती रेष पक्की.”

“अन् एकातच दिसली तर?”

“तपासायची. त्या बाजाराची सोताचीही असू शकते.”

मी चौथीत शाळा सोडलेला, मला काय कळणार! पण एकदा बायको भांडून सक्करदऱ्याला भावाकडे गेली. मी टपरीवर जाहीर केलं, “साला आला की घरात भांडण होते. आता त्याले उंबरा चढू देत नाही.”

“मधात कोण आहे?” सर म्हणाले.

भांडण कधी-कधी होतं ते त्यांनी मला विचारलं, समोरच्या पानवाल्याला विचारलं, अन् सायकल हाणत सक्करदऱ्याला जाऊन तिलाही विचारून आले. पुन्हा तीन बटरपेपर. तिन्हीत भांडणाची रेष बुधवारच्या बाजाराशी जात होती. त्या दिवशी टपरीवर गर्दी, अन् गर्दीत मी डाफरतो. साला बाजाराला म्हणून बुधवारीच यायचा.

“बुधवार बाजूले ठेवला तर साला सुटला गा भाऊ!” सरांनी त्याची रेष पुसली.

एक रेष फक्त बायकोच्या कागदावर होती. भांडणापासून आलूबोंड्यापर्यंत.

“वहिनी म्हणतात, भांडण झालं की तुम्ही त्यांच्यासाठी डोलचीत लपवून आलूबोंडे आणता.”

“खोटं हाय. पुसा.”

“नाही पुसत. हे तुमच्या घरचं आहे.”

त्याच संध्याकाळी आलूबोंडे घेऊन सक्करदऱ्याला गेलो. एक साल्यालाही दिला. बायको पुडी पाहून हसली अन् लुगडी आवरायला लागली.

सर रिटायर होऊन पोराकडे गेले, तिकडेच वारले म्हणे. यंदा बायकोही गेली. टपरी आधीच बंद केली होती, आता भांडायलाही कोणी नाही. साला मात्र दर बुधवारी येतो. टपरीचा बाक आता घराच्या दारात आहे, त्यावर बसतो. मी आलूबोंडे आणतो.

परवा चहात बोट बुडवून बाकावर दोन ठिपके काढले. एक तो, एक मी. मधातली तर गेली. तरी रेष ओढली अन् सवयीने पुसायला हात नेला.

साल्याने हात धरला. “राहू द्या, भाऊजी.”