हात नको

वेसाव्याच्या बंदरावर मी मासळी आणायला गेले की तिथला एक कोळी ओरडतोच, "ताय, हात नको गो, नको!" मी हात लावलेला नसतोच. नुसती त्याच्या फायबरच्या होडीजवळून चाललेली असते. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की होडी ताडपत्रीखाली आणि हा तिच्या पोटाशी उकिडवा. गोड्या पाण्यानं धुणार, मेण चोळणार, मग मान तिरकी करून चमक बघत बसणार. पॉलिशचं मऊ फडकं कायम खांद्यावर. बायकोनं एकदा त्या फडक्यानं चहाचा टोप उतरवला, तर दिवसभर अबोला! मला हे जरा अतीच वाटायचं.

यंदा नारळी पुनवेला मुद्दाम बघायला गेले. काय झळकत होती होडी! पताकांचे रंग तिच्यात हलत होते. समुद्राला नारळ दिला, ताशा कडाडला, आणि तो पाण्यात लोटायला गेला तर होडी ओल्या वाळूत रुतून बसली.

"लावा हात!" तो गरजला. कोणी हलेना. सगळ्यांनी त्याच्या शिव्या खाल्लेल्या.

"अरे लावा रं! ताय, तुला काय आवतन देऊ? लाव हात गो!"

मी पिशवी टाकली आणि भिडले. सगळा पाडा भिडला. होडी हलली, घसरली, तरंगली! तिच्या चकचकीत अंगावर आमचे पंजेच पंजे, कुंकवाचे, तेलाचे, वाळूचे.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं ते पाहिले. हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. मी म्हटलं, आता हा पुसणार.

त्यानं पुसले, पण स्वतःचे डोळे.