पडदा आणि सुकट

ऐंशीच्या सुमारास कंपनी आम्हा फिटरांना बहारीनहून दुबईला कामावर धाडायची, तेही एका युरोपियन विमानातून. तासाभराचा प्रवास, पण मिजास केवढी! पुढच्या साहेबलोकांना गरम जेवण, आम्हाला फ्रिजमधला गारढोण पाव. शिवाय मध्ये पडदा, आमची तोंडं त्यांना दिसू नयेत म्हणून.

एकदा मी तो पाव बाजूला सारला आणि बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या खोलीवरून आणलेला भाकरी-सुकटीचा डबा उघडला. हवाईसुंदरीने नाक मुरडून पडदा घट्ट ओढला. वासाला कसला पडदा! जरा वेळाने तो हलला आणि आमचा मॅनेजर डोकावला. हा मूळचा मालवणचा, पण ऑफिसात आमच्याशी इंग्रजीखेरीज बोलायचा नाही.

"माका वायच सुकट दी रे," तो कुजबुजला.

मी डब्याला झाकण लावलं. "सॉरी सर, फिनिश्ड."