चार नंबरचं मॅगझिन

सेराफीम बोर्बाच्या घरात एकदा वस्तू शिरली की ती मोडीत म्हणून कधी निघत नसे. फ्रिजचं दार दोरीने बांधलेलं, अंगणात आरवायचं विसरून गेलेला कोंबडा, शेडमध्ये तीन ट्रॅक्टर आणि त्यांतला चालणारा कुठला हे ठाऊक फक्त सेराफीमला. जन्मभर त्याने तुलेरीच्या गोठ्यांवरून दुधाचा टँकर हाकला. टँकर कुरकुरायला लागला की मालक म्हणायचा, नवीन घेऊ. सेराफीम म्हणायचा, "दमला असेल बिचारा. देऊ की अजून एक संधी." हे त्याचं पालुपद. त्याने ते टँकरला लावलं, कोंबड्याला लावलं, दोनदा पैसे बुडवून पळालेल्या मावसभावालाही लावलं. मावसभाव तिसऱ्यांदा पळाला तो भाग वेगळा.

त्याची बायको इदालिना नेमकी उलट. पिठात एक किडा दिसला की अख्खा डबा कोंबड्यांपुढे. यांच्या लग्नात पाहुणे जेवता जेवता म्हणत होते की हे दोन वर्षंसुद्धा टिकायचं नाही. लोकांचं काय जातंय बोलायला!

सेराफीम निवृत्त झाला आणि घरात बसून फुगायला लागला, तेव्हा डॉक्टरने त्याला हाकलून बाहेर काढलं. कालव्यापलीकडे आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथे तो रविवारी जायला लागला. एकट्याला कंटाळा येतो म्हणून इदालिनालाही घेऊन गेला. तिला शिकवायला गेला आणि वर्षभरात स्वतःच तिचा शिष्य झाला. दोघांनी एकाच जातीची पिस्तुलं घेतली होती, म्हणजे मॅगझिनं, त्या गोळ्या भरायच्या सरकत्या पेट्या, एकमेकांना चालतात.

आता आमच्या राज्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन दुकानात मिळत नाही आणि बाहेरून आणायलाही बंदी आहे. शेजारच्या नेवाडातले नातेवाईक येतात आणि हसतात, "तुमचा निम्मा खेळ तर मॅगझिन बदलण्यातच जातो!" खरंच आहे ते. म्हणून तर आमच्याकडे पिस्तुलापेक्षा मॅगझिनची चर्चा जास्त. काही मॅगझिनं मुळातच दहाची असतात. काही पंधराच्या मापाची, पण आत ठोकळा बसवून दहावर अडवलेली. ही दुसरी जात दिसते भारदस्त, पण ठासून भरली की वरच्या गोळ्यांची घुसमट होते आणि दुसऱ्याच गोळीला अडते. सगळीच तशी नसतात, पण पारखून घ्यावी लागतात.

आणि आमच्या क्लबचा एक रिवाज आहे. दोनदा अडलेलं मॅगझिन रेल्वेच्या जुन्या लाकडी ओंडक्यावर ठेवायचं आणि मालकाने स्वतःच्या टाचेने चेचायचं. बाकीचे टोप्या काढून उभे राहतात. याला आम्ही मयत म्हणतो. सेराफीम दुसऱ्यांच्या कितीतरी मयतांना टोपी काढून उभा राहिला होता. स्वतःच्या घरची मयत त्याने एकदाही केली नव्हती.

त्यामुळे व्हायचं तेच होत होतं. वर्षातून एकदा गावच्या उत्सवानंतरच्या रविवारी जोड्यांची स्पर्धा असते. बोर्बा जोडी दरवर्षी पुढे असायची आणि दरवर्षी सेराफीमचं मॅगझिन ऐन वेळी आडवं पडायचं. यंदा इदालिनाचा संयम संपला. त्यात तिचा भाऊ गास्पार जोडीदार शोधत होता, कारण त्याच्या बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिची नेमबाजी कायमची सुटली होती. गास्पार म्हणजे शिस्तीचा पुतळा. त्याच्या मॅगझिनांना धूळसुद्धा परवानगी घेऊन चिकटते.

"ऐक सेराफीम," इदालिना स्वयंपाकघरात सॉसेज कापता कापता म्हणाली. "यंदा तुझं मॅगझिन अडलं, तर पुढच्या वर्षी मी गास्पारबरोबर उभी राहणार."

"अगं, नवरा मी आहे!"

"नवरा तूच राहशील. सुरी फक्त सॉसेजवर चालवतेय मी, लग्नावर नाही."

सेराफीम हसला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आठवड्यातला रविवारचा तो एक दिवस ती त्याच्या शेजारी उभी असायची, कानांवर ते मोठे कर्णरक्षक लावून, वाऱ्याने केस तोंडावर आलेली, आणि नेम लागला की पहिल्यांदा त्याच्याकडे बघणारी. हे दुसऱ्याला, मग तो सख्खा मेव्हणा का असेना, द्यायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

स्पर्धेच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी दोघांनी सगळी मॅगझिनं घेतली, बुडावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले आणि क्लबवर परीक्षा मांडली. इदालिना खुर्ची टाकून परीक्षक बसली. प्रत्येक मॅगझिन पूर्ण दहा भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. धुळीत टाकून, झटकून, परत. एक नंबर लोण्यासारखं चाललं. बाकीचीही पास झाली. चार नंबर, ठोकळा घातलेलं, दुसऱ्या गोळीला अडलं. नंतर परत अडलं.

"मयत," इदालिना म्हणाली.

"स्प्रिंग जरा आळसावली असेल. देऊ की अजून एक..."

"सेराफीम!"

"बरं बरं. पण इथे नको. घरी शेडमागे करतो. माझी पहिलीच वेळ आहे, लाज वाटते."

घरी आल्यावर तो शेडमागे गेला. काड्‌कन आवाज आला. इदालिनाने खिडकीतून ऐकला आणि समाधानाने मान डोलावली. टाचेखाली गेला होता तो गंजका तेलाचा डबा. चार नंबर सेराफीमच्या खिशात सुखरूप होतं. मधल्या एका दिवशी त्याने त्याला नवी स्प्रिंग घातली आणि एकटाच जाऊन चालवून पाहिलं. न अडता चाललं! "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं तो मॅगझिनलाच म्हणाला. जित्याची खोड, दुसरं काय.

आता चांगली पाच उरली होती. तीन इदालिनाला दिली, दोन त्याच्याकडे राहिली, त्यांत ते लोण्यासारखं एक नंबर. दुकानात नवीन मागवलेलं आलं नव्हतं. पट्ट्यातला तिसरा कप्पा रिकामा दिसायला नको म्हणून त्यात त्याने चार नंबर सरकवलं. लागणार थोडंच होतं! नेमासाठी प्रत्येकाला अठरा लोखंडी पत्रे असतात, त्यांना दोन मॅगझिनं पुरतात.

स्पर्धेच्या दिवशी वारा सुटला होता. पूर्वेकडच्या गोठ्यांचा वास आणि मागे शिजणाऱ्या सोपाशचा, म्हणजे आमच्या पावावर ओतायच्या रश्शाचा वास, दोन्ही एकदमच नाकात. गास्पार घड्याळ घेऊन पंच म्हणून उभा होता. आधी इदालिना, मग लगेच सेराफीम, दोघांची वेळ एकत्र धरायची. जोडीदाराने मागून मॅगझिन दिलेलं चालतं, तेवढी आमच्या क्लबची सवलत.

इदालिनाचं पहिलं मॅगझिन झकास गेलं. मग वाऱ्याने डोळ्यात धूळ गेली आणि काही गोळ्या वाया गेल्या. दुसरं संपलं तेव्हा अजून तीन पत्रे उभे होते. तिसरं उपसताना हातातून निसटलं आणि कालव्याच्या पाझरामुळे झालेल्या चिखलात तोंड खुपसून पडलं. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. नजर पत्र्यांवर ठेवून डावा हात मागे केला.

सेराफीमच्या पट्ट्यात दोन चांगली होती आणि एक चार नंबर. चार नंबर दिलं आणि चाललं, तर त्याच्याकडे दोन खात्रीची राहत होती. अडलं, तर ते तिच्या हातात अडलं असतं, त्याच्या नव्हे, आणि मग बोलायलाही कुणाला जागा उरली नसती. हे सगळं त्याला दिसलं. त्याने एक नंबर काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

तीन गोळ्या, तीन पत्रे. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तोवरच्या सगळ्या जोड्यांत बोर्बा पुढे होते.

मग सेराफीमची पाळी. पहिलं मॅगझिन त्याने आयुष्यात मारलं नसेल इतकं सुंदर मारलं, दहाला दहा. चार नंबर चढवलं. एक पत्रा पडला. दुसऱ्याला पिस्तूल मुकं झालं. त्याने बुडावर थाप मारली, खेचलं, परत चालवलं, परत अडलं. आठच्या आठ पत्रे शेवटी त्याने पाडले, पण तोवर मागच्या रांगेत लोक हळहळायलाही कंटाळले होते. बोर्बा जोडी तिसरी आली.

"वाईट वाटतं रे, सेराफीम," गास्पार म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं आणि आनंदही लपत नव्हता. "मग इदा, ठरल्याप्रमाणे ना? पुढच्या वर्षी आपण?"

 इदालिना स्वतःच्या रिकाम्या केलेल्या पिस्तुलातून काढलेलं मॅगझिन उलटं करून बघत होती.

"हे तुझं एक नंबर आहे."

"तू हात केलास ना," सेराफीम म्हणाला.

"आणि तुझ्या पिस्तुलात काय होतं?" तिने त्याच्या हातातलं ओढून घेतलं. बुडावरचा आकडा वाचला. मग तो नवऱ्याच्या नाकापुढे धरला. "याला तर तू शेडमागे चेचलं होतंस. मी कानांनी ऐकलं!"

"तो तेलाचा डबा होता."

आजूबाजूचे इतके हसले की सोपाशच्या पातेल्याजवळची मंडळीही काय झालं बघायला धावत आली. सेराफीम लाल झाला. इदालिना हसली नाही. तिने चार नंबर नेऊन ओंडक्यावर ठेवलं आणि बाजूला झाली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. सेराफीमने डोळे मिटले आणि टाच मारली. मॅगझिनचा पत्रा दबला, स्प्रिंग टुणकन उडून गवतात पडली.

"आता पुढच्या वर्षीचं," गास्पार म्हणाला. "माझं एकही मॅगझिन आजवर अडलेलं नाही, इदा. एकही नाही."

"माहीत आहे मला," इदालिना म्हणाली. "मला सांग, मी मागे न बघता हात केला असता, तर तू काय दिलं असतंस?"

गास्पार प्रामाणिक माणूस. त्याने विचार केला. "किती पत्रे उरलेत ते आधी मोजलं असतं. मग त्याप्रमाणे."

"तेच ते," इदालिना म्हणाली. "याने मोजलं नाही. जवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं काढून दिलं, अडल्यावर मी याला सोडणार हे ठाऊक असताना. गाढव आहे. पण या गाढवाला मी सोडणार नाही."

सेराफीमला एकदम भरून आलं. तो टोपीनेच डोळे पुसायला लागला.

"रडू नकोस, लोक बघतायत," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला रश्शाच्या रांगेकडे ओढत नेलं. "उद्या दुकान उघडलं की नवीन मॅगझिन घ्यायला जायचं. आणि निवडायला मी येणार आहे."